आडनाव पुढे की मागे?

1951 सालच्या उन्हाळ्यात स्टीफन क्लेनी नावाचे एक अमेरिकन गणिती कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये बसून मज्जापेशींच्या जाळ्याचं गणित मांडत होते. मांडता मांडता एका ठरावीक जातीच्या घटनांना काहीतरी नाव देणं भाग पडलं. त्यांनी ‘रेग्युलर’ म्हणून टाकलं आणि लगेच कंसात लिहिलं, की याहून बोलका शब्द कोणी सुचवला तर स्वागतच आहे. सत्तर वर्षं उलटून गेली, तरी तो शब्द काही आला नाही. अर्थात नावांच्या बाबतीत क्लेनींकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पाहिलं तर कोणीही ‘क्लीन’ म्हणेल. ते स्वतः ‘क्लेनी’ म्हणत. हा उच्चार जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषेत बरोबर नाही, बाबांनीच तो शोधून काढला असावा, असं त्यांच्या मुलानं नोंदवून ठेवलं आहे.

त्या ‘रेग्युलर’ घटनांपासून पुढे ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ निघालं. नाव ऐकून वाटतं, माणसाच्या चेहऱ्यावर रोज सकाळी असतो तो भाव असावा. प्रत्यक्षात ती एक सांकेतिक लिपी आहे. नेमका मजकूर माहीत नाही, पण तो साधारण कसा दिसतो ते माहीत आहे, अशा वेळी संगणकाला शोधायला लावण्याची. समजा सोसायटीच्या सभासदांच्या यादीतले सगळे कुलकर्णी काढायचे आहेत आणि यादी करणाऱ्यानं निम्म्यांना ‘कुलकर्णी’ आणि निम्म्यांना ‘कुळकर्णी’ केलं आहे. मग कु[लळ]कर्णी असं लिहायचं. चौकटी कंसातलं कोणतंही एक अक्षर चालेल, असा त्याचा अर्थ. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. चांदणी म्हणजे आधीचं अक्षर कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा. ह्या चांदणीला क्लेनींचंच नाव दिलेलं आहे. हयातीत आपल्या नावाची चांदणी चमकलेली पाहायचं भाग्य फार थोड्या गणितज्ञांना लाभतं.

एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? म्हणून ते तोडायचं ठरलं, आणि कुठे तोडायचं यावर भांडण झालं. कोणी ‘रेगेक्स’वर थांबलं, कोणी शेवटी ‘प’ लावून ‘रेगेक्स्प’ केलं, पायथनवाल्यांनी दोनच अक्षरं ठेवून ‘आरई’ म्हटलं. अनेकवचनाची तर शोभाच आहे. ‘रेगेक्सेस’ ठीक, ‘रेगेक्स्प्स’ म्हणायला कवळी घट्ट असावी लागते, आणि काही वात्रट मंडळी इंग्रजीतल्या बैलाच्या अनेकवचनाच्या चालीवर ‘रेगेक्सेन’ म्हणतात. मराठीनं ह्या वादात आपल्या परीनं भर घातली आहे. मी ‘तो रेगेक्स चुकलाय’ ऐकलं आहे आणि ‘ते रेगेक्स चुकलंय’ही ऐकलं आहे. चुकलाय याबद्दल मात्र दुमत ऐकलेलं नाही.

ही लिपी सर्वात जास्त नांदली ती टेक्स्ट एडिटरांच्या घरी. (टेक्स्ट एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा आणि दुरुस्त करायचा प्रोग्राम. दिवाळी अंकाच्या संपादकाशी त्याचा संबंध नाही. ह्या एडिटरला मजकूर दिला की तो निदान मिळाल्याचं सांगतो.) तिला तिथे आणणारे गृहस्थ केन थॉम्प्सन. 1968 मध्ये त्यांनी अशा शोधाची एक चलाख रीत निबंध लिहून मांडली, क्यूईडी नावाच्या एडिटरमध्ये ती बसवली आणि पुढे युनिक्सच्या ‘एड’ ह्या एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन कायमचं मुक्कामाला आलं.

थॉम्प्सन हे नावांच्या बाबतीत अतिशय काटकसरी. एडमध्ये आज्ञा एका अक्षराच्या. ‘एस’ म्हणजे बदल, ‘पी’ म्हणजे छाप, ‘जी’ म्हणजे सगळीकडे. आणि तुमचं काही चुकलं तर एड फक्त एक प्रश्नचिन्ह छापतो. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. नुसतं ‘?’. त्याला कारणही होतं. समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता; तो सेकंदाला दहा अक्षरं या वेगानं कागदावर खडखडत छापायचा. सविस्तर बोलायची चैन परवडणारी नव्हती. पण ती सवय कारण संपल्यावरही राहिली. युनिक्समध्ये फाइल तयार करायच्या आज्ञेचं नाव इंग्रजी ‘क्रिएट’ आहे, फक्त शेवटचा ई गाळून. युनिक्स पुन्हा बनवलंत तर काय बदलाल, असं पुढे कोणीतरी थॉम्प्सन यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, की त्या शब्दाला तो ई लावीन. बाकी सगळं ठीकच होतं म्हणायचं.

ह्याच काटकसरीतून ‘ग्रेप’ जन्मला. एडमध्ये एखादा नमुना असलेल्या सगळ्या ओळी छापायच्या तर जी, तिरकी रेघ, मग रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे आरई, पुन्हा तिरकी रेघ आणि पी असं लिहीत. हे काम करणारा वेगळा प्रोग्राम काढला तेव्हा त्याच्या नावासाठी कोणी डोकं खाजवलं नाही. रेघा पुसल्या आणि उरलेली अक्षरं जोडली. आज ह्या शब्दाला ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जागा आहे आणि माणसं ‘जरा ग्रेप मारून बघ’ म्हणतात. म्हणजे ‘सगळीकडे-रेगेक्स-छाप मारून बघ’. त्यातल्या कोणाला त्या ‘जी’चा पत्ता असेल असं वाटत नाही, आणि पत्ता नसल्यानं काही अडतही नाही.

तिकडे एमआयटीत टेको नावाचा आणखी एक एडिटर होता. त्याची कथा तर याच्याही पुढची. तिथे जवळजवळ प्रत्येक अक्षर ही आज्ञाच. टेकोवाल्यांचा एक आवडता खेळ असा, की स्वतःचं नाव आज्ञा म्हणून टाइप करायचं आणि त्यानं समोरच्या मजकुराचं काय होईल ते ओळखायचं. कोणाचं नाव चार ओळी उडवायचं, कोणाचं कुठेतरी भलतीकडे नेऊन सोडायचं. आपलं नाव काढावं असं प्रत्येकालाच वाटतं. टेकोत ते काढलं की आधी फाइल जपून ठेवावी लागे.

ह्या टेकोच्या अंगाखांद्यावर 1976 मध्ये इमॅक्स नावाचा एडिटर उभा राहिला. मग रिचर्ड स्टॉलमन यांनी तो नव्यानं लिहिला, 1985 मध्ये ‘ग्नू इमॅक्स’ म्हणून लोकांना दिला, आणि त्याच्या पोटात लिस्प नावाची भाषा घातली. लिस्पमध्ये फंक्शनच्या नावात आडव्या रेघा चालतात, लांबीला बंधन नाही, आणि इतकी वर्षं एकेका अक्षरावर दिवस काढलेली माणसं. मग काय विचारता! उपवास सुटला.

आता इमॅक्सची परिभाषा मुळातच स्वयंभू. आपण ज्याला ‘कट’ म्हणतो त्याला तिथे ‘किल’ म्हणतात आणि ‘पेस्ट’ला ‘यँक’. प्रतिस्पर्धी विम एडिटरमध्येही ‘यँक’ आहे, पण तिथे यँक म्हणजे ‘कॉपी’. म्हणजे एकाच शब्दानं एकीकडे मजकूर उचलला जातो आणि दुसरीकडे टाकला जातो. दोन्ही एडिटर वापरणारा माणूस घरची भाजी आणायला गेला तर काय करत असेल, देव जाणे. पडद्यावरच्या चौकटीला सगळं जग ‘विंडो’ म्हणतं. इमॅक्स तिला ‘फ्रेम’ म्हणतो, आणि त्या फ्रेमचे तुकडे केले की एकेका तुकड्याला ‘विंडो’. हा हट्ट नाही. इमॅक्सनं ‘विंडो’ हा शब्द घेतला तेव्हा जगानं आपली नावं ठरवलेलीच नव्हती. आधी आलेल्याला असं वेडं ठरवणं सोपं असतं.

तर अशा ह्या घरात रेगेक्सची फंक्शनं राहायला आली. आणि इथे आपल्याकडच्या एका जुन्या प्रश्नानं डोकं वर काढलं: आडनाव आधी की नंतर?

इमॅक्समध्ये सगळ्या फंक्शनांची नावं एकाच मोठ्या यादीत असतात. खोल्या नाहीत, मजले नाहीत. म्हणून शिष्टाचार असा, की प्रत्येक पॅकेजनं आपल्या फंक्शनांना आधी आडनाव लावावं आणि मग नाव, शाळेच्या हजेरीपटासारखं. जोशी अमेय, जोशी अस्मिता, जोशी आशुतोष. सगळे जोशी एका जागी सापडतात. नियम उत्तम आहे. घोळ एवढाच, की रेगेक्सची मंडळी आली तेव्हा हा नियम अंगवळणी पडायचा होता.

पहिलं फंक्शन री-सर्च-फॉरवर्ड. इथे आडनाव ‘आरई’, आणि ते आधी आहे. चांगली सुरुवात. पण ते आरई पुढच्या ‘सर्च’ला चिकटून उभं राहिलं की कोणीही ‘रिसर्च फॉरवर्ड’ वाचतो. एका ऑफिसात नवीन लागलेल्या मुलानं इमॅक्स वापरणाऱ्या एका ज्येष्ठांना विचारलं, “सर, हे रिसर्च पुढे ढकलायचं फंक्शन आहे का?” ते म्हणाले, “पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे.” मुलानं ते वहीत लिहून घेतलं. दुसरा भाबडा अर्थ ‘पुन्हा शोध’ असाही निघतो, आणि तो इतका पटण्याजोगा आहे की चुकीचा आहे हे सांगताना वाईट वाटतं.

असा गोंधळ होऊ नये म्हणून असेल किंवा नसेल, पण ह्याच फंक्शनला दुसरंही नाव आहे: सर्च-फॉरवर्ड-रेगेक्स्प. काम तेच, फक्त आडनाव मागे, आणि तेही पूर्ण. मग आयसर्च-फॉरवर्ड-रेगेक्स्प: मागे. क्वेरी-रिप्लेस-रेगेक्स्प: मागे. (हे फंक्शन कीबोर्डवरून चालवायला कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि पाच ही कळ एकाच वेळी दाबावी लागते. तबलजींना सोपं जात असावं.) हं, म्हणजे आडनाव मागे असा नियम दिसतो, असं मनाशी धरून पुढे जावं, तर समोर रिप्लेस-रेगेक्स्प-इन-स्ट्रिंग. आडनाव मधोमध! नाव, आडनाव आणि मग वडिलांचं नाव असं काहीतरी. आणि ह्या सगळ्यांना आपल्या घराण्याची निदान चाड तरी आहे. स्ट्रिंग-मॅच आणि लुकिंग-ॲट ही दोघं अस्सल रेगेक्सवाली, पण आडनाव लावतच नाहीत. ओळखणारे ओळखतात, असा एकंदर पवित्रा.

लुकिंग-ॲट हे नाव मला मनापासून आवडतं. कर्सर जिथे उभा आहे तिथून समोर अमुक नमुन्याचा मजकूर दिसतो आहे का, एवढंच ते तपासतं. बघतो आहे. इतकं साधं. त्याचा जुळा भाऊ लुकिंग-बॅक मागे वळून बघतो आणि त्या वळण्यात फार वेळ घालवतो. तो जपून वापरा अशी सूचना त्याच्या माहितीतच दिलेली आहे. लुकिंग-ॲट ह्या नावाचं फंक्शन जावा भाषेतही सापडतं, फक्त रेघ काढून टाकलेलं. ठेवताना कोणी फार विचार केला नसेल असं हे नाव, आणि ते टिकलं ते असं.

नेहमीच्या वापरातली मंडळी तर आणखी मोकळी. नमुना असलेल्या ओळी ठेवायच्या तर कीप-लाइन्स. काढायच्या तर फ्लश-लाइन्स; साखळी ओढल्याचा आवाज तेवढा येत नाही. नमुना किती वेळा आला हे मोजणाऱ्या फंक्शनचं नाव हाऊ-मेनी. हे नाव नाहीच, हा भाजीवाल्याला विचारायचा प्रश्न आहे. आणि नमुना असलेल्या सगळ्या ओळींची यादी दाखवणारं फंक्शन म्हणजे ऑकर, अर्थात ‘घडणे’. काय घडलं, कोणाचं घडलं, विचारू नका. ह्या प्रत्येकाला सरळ चालीचं एकेक टोपणनावही आहे: मॅच होणाऱ्या ओळी दाखव, मॅच होणाऱ्या ओळी काढ, मॅच मोज. नावं अगदी समंजस आहेत. त्यामुळेच की काय, जुनी माणसं ती वापरत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. फाइलमध्ये शोधायचं असेल तर साधं सर्च-फॉरवर्ड हे जसंच्या तसं अक्षर न् अक्षर शोधतं, आणि रेगेक्स हवं असेल तर आडनाव लावावं लागतं. म्हणजे बिनआडनावाचा तो साधा. पण एखाद्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यात शोधायचं असेल तर स्ट्रिंग-मॅच. इथे बिनआडनावाचा तो रेगेक्सवाला! मग साधा शोध कशानं करायचा? कित्येक वर्षं उत्तर असं होतं, की आधी साध्या मजकुरातल्या खास चिन्हांना रेगेक्स्प-क्वोट वापरून निष्प्रभ करायचं आणि मग तो रेगेक्सवाल्याकडे द्यायचा. साधेपणाचं प्रमाणपत्र आणायला तज्ज्ञाकडे जायचं. 2022 मध्ये इमॅक्सची 28 वी आवृत्ती आली तेव्हा कुठे स्ट्रिंग-सर्च आणि स्ट्रिंग-रिप्लेस ही साधी फंक्शनं अवतरली. सदतीस वर्षं एका एडिटरमध्ये मंगळावर जाण्याखेरीज बहुतेक सगळ्याची सोय होती. मेल वाचता येत होती, टेट्रिस खेळता येत होतं, मानसोपचार करणारी एलायझासुद्धा होती. आणि ‘ह्या तुकड्यात हा तुकडा आहे का’ हे सरळ विचारायला नाव नव्हतं.

आडनाव लपवण्याचे परिणाम कसे होतात हे पाहायचं असेल तर स्प्लिट-स्ट्रिंगला भेटावं. नावावरून वाटतं, मजकूर दिला, विभाजक दिला, की तुकडे करून देणार. 1.2.3 असा मजकूर द्या आणि टिंबाशी तोडायला सांगा. परत काय येतं? सहा रिकामे तुकडे. एक नाही, दोन नाही, तीन नाही. कारण तो विभाजकही गुपचूप रेगेक्स असतो, आणि रेगेक्समध्ये टिंब म्हणजे कोणतंही अक्षर. त्यानं सगळंच विभाजक मानलं आणि विभाजकांच्या मधल्या शून्याचे सहा भाग करून प्रामाणिकपणे हातावर ठेवले. वाटणी अगदी समसमान. असे निकाल दिवाणी कोर्टातही लागत असावेत.

जावानं ह्या बाबतीत आपलं निराळंच कौशल्य दाखवलं. तिथे रिप्लेस आहे आणि रिप्लेस-ऑल आहे. कोणीही शहाणा माणूस म्हणेल, पहिलं एकदा बदलत असेल आणि दुसरं सगळीकडे. नाही. दोन्ही सगळीकडेच बदलतात. फरक इतकाच, की रिप्लेस-ऑल रेगेक्स घेतं. ‘ऑल’ ह्या शब्दातून रेगेक्सचा बोध कसा व्हावा, हे ज्यानं नाव ठेवलं त्यालाच ठाऊक. जावास्क्रिप्टमध्ये मात्र साधा मजकूर दिला तर रिप्लेस खरंच एकदाच बदलतं. दोन भाषांच्या नावात साम्य आहे म्हणून विश्वास ठेवणाऱ्यांनी इथे पुन्हा एकदा फसावं.

लिस्पच्या शेवटच्या ‘पी’बद्दल सांगायला हवं. हो किंवा नाही असं उत्तर देणाऱ्या फंक्शनच्या नावाला शेवटी पी लावायची तिथली परंपरा. मूळ नाव एका शब्दाचं असेल तर पी थेट चिकटवायचा, जास्त शब्दांचं असेल तर मध्ये आडवी रेघ द्यायची. लिस्पवाल्यांच्या बोलण्यातही तो पी शिरला. बिल गॉस्पर नावाच्या एका नामांकित हॅकरची गोष्ट सांगतात. चिनी खानावळीत दोघांना पुरेल एवढं सूप होतं. अर्धं अर्धं घ्यायचं का, हे त्यानं शेजाऱ्याला ‘स्प्लिट-पी सूप?’ असं विचारलं. इंग्रजीत त्याच उच्चाराचं वाटाण्याच्या डाळीचं एक सूप असतं. हसू आलं नसेल तर काळजी नको. टेबलावरही सगळ्यांना आलं असेल असं नाही.

आता ह्या नियमानं पाहिलं तर खुद्द ‘रेगेक्स्प’ हा शब्द काय झाला? एक शब्द, शेवटी थेट चिकटलेला पी. म्हणजे ‘हे रेगेक्स आहे का?’ चाळीस वर्षं इमॅक्स आपल्याच माहितीपुस्तकात पानोपानी हा प्रश्न विचारतो आहे, आणि बरीचशी रेगेक्सं पाहिली तर प्रश्न रास्त आहे.

पी लावण्यानं एक खरं कामही झालं. स्ट्रिंग-मॅच नुसतं उत्तर देऊन थांबत नाही. नमुना कुठे सुरू झाला, कुठे संपला याची नोंद एका सामायिक जागी लिहून ठेवतं. ती जागा सगळ्यांत मिळून एकच. तुम्ही शोध घेतलात, नोंद झाली, आता ती वाचणार एवढ्यात मधल्या कुठल्यातरी फंक्शननं आपला शोध घेतला, की तुमच्या नोंदीवर त्याची नोंद. म्हणून 2009 च्या सुमारास स्ट्रिंग-मॅच-पी आलं. ते फक्त हो-नाही सांगतं आणि नोंदवहीला हात लावत नाही. म्हणजे इथे पी चा अर्थ ‘प्रश्न’ याबरोबरच ‘पसारा न करणारा’ असाही झाला. हे नावात कुठेच लिहिलेलं नाही. आडनाव गाळणारं घराणं, त्यातून याहून जास्त काय कळणार?

कोणी म्हणेल, मग एकदा बसून सगळी नावं सरळ का करत नाहीत? ह्या सूचनेत तारुण्य असतं. इमॅक्स वापरणाऱ्या प्रत्येकाची स्वतःची एक सजावटीची फाइल असते. ती वर्षानुवर्षं साठत आलेली असते, तिच्यातल्या काही ओळी दिवंगत सहकाऱ्यांकडून आलेल्या असतात, आणि त्या काय करतात हे कोणालाही ठाऊक नसतं. एक नाव बदललं की जगभर अशा फाइली कण्हू लागतात. त्यामुळे जुनं नाव काढता येत नाही. फक्त नवं नाव शेजारी उभं करता येतं. एक सुधारणा म्हणजे आणखी एक नाव. नाव ठेवणारा एक आणि नावं ठेवणारे हजार, हे तर आहेच.

ग्रेपच्या मंडळींनी धीर केला होता. ग्रेपची इ-ग्रेप आणि एफ-ग्रेप अशी दोन भावंडं आहेत, युनिक्सच्या जुन्या काळातली. 2007 पासून ती कालबाह्य ठरवलेली. आता फक्त ग्रेपला एकेक अक्षराचा पर्याय जोडावा अशी अपेक्षा. कोणी ऐकलं नाही. 2022 च्या आवृत्तीत मग त्यांनी नुसती एक सूचना छापायला सुरुवात केली: हे नाव जुनं झालं आहे, ते घ्या. काम पूर्वीसारखंच होत होतं. फक्त एक ओळ जास्त यायची. पण ज्या स्क्रिप्टा वर्षानुवर्षं कोणाच्या डोळ्यांसमोर न येता चालत होत्या त्या एकाएकी बोलू लागल्या, आणि लोक असे खवळले की जणू वाड्यावरची पाटी काढली. मला विचाराल तर लोकांचं बरोबर होतं. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर एखाद्याला ‘तुझं नाव चुकलंय’ म्हणून सांगू नये.

दुसरा मार्ग म्हणजे कोणालाच नाराज न करणं. इमॅक्समध्ये ‘आरएक्स’ नावाची सोय आहे. रेगेक्समधली चिन्हं लिहायची नाहीत, त्याऐवजी शब्द लिहायचे. ह्याची गरज काय, असं वाटत असेल तर कुलकर्णी किंवा जोशी शोधायला लिस्पमध्ये काय लिहावं लागतं ते पाहा: \\(कुलकर्णी\\|जोशी\\). दोन सज्जन माणसांभोवती इतका बंदोबस्त. आरएक्सनं तो हटवला. पण शब्द लिहायचे तर कोणते, हा प्रश्न आलाच; आणि आरएक्सचं उत्तर आहे, सगळे. ‘एक किंवा जास्त वेळा’साठी तीन नावं. मजकुराच्या अगदी सुरुवातीसाठी चार: दोन लांब, दोन आखूड. एकापाठोपाठ एक यावं म्हणायला सीक्वेन्स, सेक, अँड आणि नुसती दोन टिंबं. गावजेवणाला बोलवावं तसं सगळ्या पंथांना पान वाढलं आहे. वाचणाऱ्याला मात्र चारही पंथांची दीक्षा घ्यावी लागते.

विमनं नाव ठेवण्यात कविमन दाखवलं. रेगेक्समधली किती चिन्हं आपसूक खास मानायची आणि किती तिरकी रेघ दिल्यावर, ह्याच्या तिथे चार पायऱ्या आहेत. त्यांची अधिकृत नावं: मॅजिक, नोमॅजिक, व्हेरी मॅजिक आणि व्हेरी नोमॅजिक. शेवटच्या नावावर मी पुष्कळ विचार केला आहे. जादू नाही, हे समजू शकतं. पण अतिशय नाही?

आणि गो भाषेनं तर नावांचा प्रश्न मुळापासून सोडवला. तिथे रेगेक्सनं मजकूर शोधणारी सोळा फंक्शनं आहेत आणि त्यांची नावं कशी असतात हे माहितीपुस्तकात एका रेगेक्सनंच सांगितलं आहे: फाइंड(ऑल)?(स्ट्रिंग)?(सबमॅच)?(इंडेक्स)?. प्रश्नचिन्ह म्हणजे कंसातला शब्द असेल किंवा नसेल. चार शब्द, प्रत्येकाला दोन शक्यता, सोळा नावं. सगळ्यात साधं ‘फाइंड’, सगळ्यात मोठं ‘फाइंड-ऑल-स्ट्रिंग-सबमॅच-इंडेक्स’. ह्यात कुठे खोट काढायला जागा नाही, म्हणून मला जरा भीती वाटते. गोच्या तीन जनकांपैकी एक केन थॉम्प्सन. ई गाळणारे, चुकीवर नुसतं प्रश्नचिन्ह छापणारे तेच. प्रश्नचिन्ह त्यांनी सोडलं नाही, एवढं खरं.

हे सगळं इंग्रजीपुरतं. मराठी मजकुरावर रेगेक्स चालवलं की निराळीच करमणूक होते. ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी एक खूण असते. पायथनच्या नेहमीच्या आरईला ‘किती’ दिलं आणि शब्दातली अक्षरं मागितली, तर तो ‘क’ आणि ‘त’ काढून देतो. वेलांट्यांना तो अक्षर मानत नाही. ‘कोणतंही एक अक्षर’ म्हणणाऱ्या टिंबाला ‘क्ष’ दिला तर तो एका टिंबात मावत नाही. क, हलन्त आणि ष अशी तीन टिंबं लागतात. बालवाडीतल्या मुलाला जे एक अक्षर वाटतं त्यात संगणकाला तिघंजण दिसतात. अशा वेळी त्या फंक्शनचं नाव आधी आडनाव की मागे आडनाव, हा प्रश्न जरा दूरचा वाटू लागतो.

तरीही नाव आठवलं नाही तर काय करायचं, याची इमॅक्सनं व्यवस्था केली आहे. ॲप्रोपो नावाची एक आज्ञा आहे. नावाचा तुकडा सांगा, ती जुळणारी सगळी नावं समोर मांडते. तुकडा रेगेक्स म्हणूनही देता येतो. म्हणजे रेगेक्सच्या फंक्शनचं नाव शोधायचं तर आधी रेगेक्स लिहायचं. घराणं आरईचं म्हणून ‘आरई’ आणि आडवी रेघ असा तुकडा द्यावा, तर कम्पेअर-विंडोज येतं, इग्नोर-एरर्स येतं, स्टोअर-मॅच-डेटा येतं. ज्याच्या ज्याच्या इंग्रजी स्पेलिंगात रेघेच्या आधी आर आणि ई आहेत ते सगळे दूरचे नातेवाईक ताट घेऊन हजर. मग नाव सुरुवातीपासून जुळावं म्हणून आधी टोपीचं चिन्ह लावायचं. गर्दी हटते, री-सर्च-फॉरवर्ड आणि री-सर्च-बॅकवर्ड दिसतात, शेजारी री-बिल्डर दिसतं. लुकिंग-ॲट दिसत नाही. ते कसं शोधायचं हे मी त्या ज्येष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “शोधायचं कशाला? लुकिंग-ॲट माहीतच असतं.”